रिकाम्या तीन नंबरची तक्रार

मित्रांनो, ज्याची पूजासुद्धा पाठीवर होते, असा मी एक जुना सर्व्हर आहे. हसू नका. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक छोटी कंपनी आहे आणि तिच्या कोपऱ्यातल्या खोलीत आमचं लोखंडी कपाट उभं आहे. खोली अगदी अरुंद. एसीची हवा तोंडावर यावी म्हणून आमची तोंडं भिंतीकडे केली आणि पाठी दाराकडे. दारातून जो येतो त्याला आमच्या पाठी आणि तारांचा गुंता दिसतो. कुणी पाहुणा आला की त्याला तेच दाखवतात आणि तोही मान डोलावून "वा" म्हणतो. यांना जरा वळवून उभं करावं, असं आजवर एकाच्याही मनात आलेलं नाही.

मला तीन नंबर म्हणतात. माझा जन्म दूरच्या कुठल्याशा कारखान्यात झाला, ते गाव मला आठवत नाही. आठवतो तो टेम्पो आणि आठवते ती लिफ्ट, कारण मी आलो त्या दिवशी ती बंद होती. दोन हमालांनी मला जिन्याने वर आणलं. "आरामसे, आरामसे" असं म्हणत त्यांनी मला प्रत्येक वळणावर कठड्याला आपटलं. डाव्या कुशीला तो पोचा अजून आहे. तेव्हाही मी काही बोललो नाही, कारण आम्हाला बोलता येत नाही. आमच्या सगळ्या दुःखाचं मूळ हेच आहे.

आमचं काम काय ते सांगतो. काही माणसांची मूत्रपिंडं काम करेनाशी होतात. मग त्यांना आठवड्यातून तीनदा यंत्राशेजारच्या खुर्चीत बसून रक्त स्वच्छ करून घ्यावं लागतं. याला डायलिसिस म्हणतात. एक खेप चुकली की अंगात पाणी साचतं, पाय सुजतात, दम लागतो. दोन-तीन खेपा चुकल्या तर जिवावर बेततं. आमची कंपनी ठाणे, डोंबिवली आणि कल्याण इथल्या काही केंद्रांच्या खुर्च्या सांभाळते, म्हणजे कुठल्या खुर्चीत उद्या कोण बसणार ते आम्ही ठरवतो.

पद्धत अगदी सोपी आहे. रुग्णाने आदल्या दिवशी ठरलेल्या नंबरवर एक मिस्ड कॉल द्यायचा. "मी उद्या येतोय" एवढाच त्याचा अर्थ. तो मिस्ड कॉल आमच्याकडे काम म्हणून येतो. आमच्या पायाशी एक मोठी पेटी आहे, तिला सगळे कोठार म्हणतात. सगळी नावं आणि सगळ्या खुर्च्या त्या कोठारात असतात. आमच्यापैकी कुणीतरी तारेवरून कोठारात जायचं, मोकळी खुर्ची शोधायची, तिच्यावर नाव टाकायचं आणि माणसाला मेसेज पाठवायचा. नाव पडलं की केंद्रात त्याच्या नावाचं सामान निघतं. नाव नसेल तर सामान नाही. मग खुर्ची रिकामी असली तरी त्याला बसवता येत नाही.

टिटवाळ्याच्या पुढे एका गावात काळुराम नावाचा माणूस राहतो. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. पण त्याचा मिस्ड कॉल मी इतक्या वेळा घेतलाय, की तो आला की मला ओळखीचं कुणी दारात उभं राहिल्यासारखं वाटतं. फोन त्याची बायको गोदा करते. ती एकदाच वाजवते आणि लगेच ठेवते. काही लोक उगाच धीर नसल्यासारखे चार-चारदा वाजवतात. गोदाचा आमच्यावर विश्वास होता.

आता मुकादमाविषयी. नाक्यावर सकाळी मजूर उभे असतात आणि मुकादम येऊन "तू इकडे, तू तिकडे" करतो, ते तुम्ही पाहिलं असेल. आमच्यातही तसा एक आहे. ऑफिसात त्याला बॅलन्सर म्हणतात. बाहेरून काम आलं की ते आधी त्याच्या हाती पडतं आणि तो ते आमच्यात वाटतो. मी, माझ्या शेजारचा दोन नंबर, आणि त्याच्या शेजारचा एक नंबर. मुकादमाचा नियम तेव्हा साधा होता. एकाला दिलं की पुढचं दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, मग परत पहिल्याला. पंगतीत वाढावं तसं. कुणाची तक्रार नव्हती.

टाळेबंदीत तर आम्ही कमाल केली. ऑफिसला कुलूप, रस्ते ओस, पण रुग्णांना खुर्च्या लागतातच. आमची देखभाल करणारी मेघना डोंबिवलीच्या घरून आमच्याशी बोलायची आणि आम्ही एकदाही बंद पडलो नाही. नंतर मालक, म्हणजे प्रशांतसर, ऑफिस उघडल्यावर खोलीत आले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वाघ आहेस तू!" तेवढंच माझ्या आयुष्यातलं कौतुक. मी ते अजून पुरवून पुरवून वापरतो.

मग आम्ही जुने झालो. एक नंबर भंगारात गेला. आणि मागच्या वर्षी, गणपती उठल्यावर, चार नंबर आला.

तो चांगला आहे, हे मला मान्य करायलाच हवं. काळाभोर, तुकतुकीत, माझ्या निम्म्या जाडीचा आणि माझ्या कितीतरी पट चपळ. लिफ्टही त्याच्या वेळी चालू होती. प्रशांतसर मेघनाला म्हणाले, "अगं, हा एवढा फास्ट आहे, तर ह्याला जास्त काम जाऊ दे ना. त्या दोघा म्हाताऱ्यांइतकंच काय देतेस?" मेघनाने मुकादमाचा नियम बदलला. आता जो आधी मोकळा होईल त्याला पुढचं काम. सगळेच मोकळे असतील, तर ज्याचं मागचं काम लवकर संपलं त्याला. नियम वाईट नव्हता. काही दिवस सगळं छान चाललं. चार नंबर भराभर करायचा, उरलंसुरलं आम्ही करायचो, आणि खरं सांगतो, मला थोडी विश्रांती आवडूही लागली होती.

मग दसरा आला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमची पूजा होते, पाठीवर. मेघना त्या दिवसांत रजेवर असते. ती आजीला, म्हणजे रमाबाईंना, घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जाते. रजा सरांनीच हसत मंजूर केली होती, येताना संत्र्याची बर्फी आण म्हणाले होते. त्यामुळे तारा कळणारं माणूस त्या दिवशी ऑफिसात नव्हतं. सरांच्या आई मात्र कळव्याहून खास आल्या होत्या. नवीन यंत्राची पहिली पूजा, म्हणून त्यांनी स्वतः झेंडूचा जाडजूड हार ओवून आणला होता, मधे मधे आपट्याची पानं.

हार तर आणला, पण घालायचा कशाला? चार नंबरची पाठ पाटीसारखी सपाट. ना खुंटी, ना कडी. बाहेर आलेल्या होत्या त्या फक्त तारा. ऑफिसातल्या सिद्धेशने इकडेतिकडे पाहिलं आणि त्यातली सगळ्यात जाड तार निवडली. मजबूत दिसते, हार पेलेल, असा त्याचा विचार. ती कोठाराकडे जाणारी तार होती. ओल्या झेंडूचा तो किलोभर भार तिच्यावर लटकला, तशी ती हळूच अर्धी बाहेर आली. तिच्याशेजारचा हिरवा दिवा पिवळा झाला. झेंडूही पिवळा, दिवाही पिवळा, आणि तोही फुलांच्या आड. कुणाला दिसणार?

मला दिसलं, आमचे डोळे पाठीवरच्या दिव्यांत असतात. मी ओरडलो. म्हणजे पंखा जोरात फिरवला, आम्हाला तेवढंच जमतं.

"अगंबाई, हा का घुरघुरतोय?" सरांच्या आई म्हणाल्या.

"जुना झालाय गं तो," सर म्हणाले. "आता काढायचाच आहे."

आणि माझ्या पाठीवर कुंकवाचं एक बोट टेकवून सगळे पेढे खायला गेले.

आता पुढे काय झालं ते नीट ऐका, कारण इथेच माझा जीव जळतो. चार नंबरला आता कोठारापर्यंत जाताच येत नव्हतं. काम आलं की तो तारेपाशी जायचा, वाट बंद दिसली की लगेच हात झटकायचा आणि मुकादमाला सांगायचा, "माझ्याकडचं संपलं." मुकादम बिचारा तेवढंच ऐकतो. संपलं, म्हणजे हा मोकळा झाला. तोही किती लवकर! द्या ह्यालाच पुढचं. पुढचंही तसंच. आम्हाला एक नाव लावायला वेळ लागायचा, कारण आम्ही खरंच कोठारात जाऊन येत होतो. चार नंबर कुठेच जात नव्हता, म्हणून तो सर्वांत आधी मोकळा व्हायचा. जितकं कमी करायचा तितकं जास्त मिळायचं. मधूनमधून मुकादम सगळ्यांची हजेरी घ्यायचा, "आहेस का?" आणि चार नंबर ऐटीत "हजर" म्हणायचा. खोटं नव्हतंच ते. तो हजर होता.

क्वचित एखादं काम घरंगळत आमच्याकडे यायचं. ते आम्ही नीट करायचो. त्यामुळे काही रुग्णांची नावं खुर्च्यांवर पडत होती आणि बऱ्याच जणांची पडत नव्हती. सगळंच बंद पडलं असतं तर तासाभरात बोंब झाली असती. हे अर्धवट बिघडणं फार वाईट, मित्रांनो. त्यात दोष कुणावरही ढकलता येतो.

बाहेरच्या हॉलमध्ये एक मोठा टीव्ही लावलेला आहे. कोणी किती कामं केली ते त्यावर दिसतं. दार उघडंच असतं, म्हणून मला बाहेरचं सगळं ऐकू येतं. मेघना नागपूरहून आली, बर्फीचा डबा ठेवला आणि टीव्हीसमोर थांबली.

"सर, हे जरा जास्तच फास्ट नाही वाटत?"

"अगं, नवीन आहे म्हणून! बघ ना, आख्खं काम एकट्याने खाल्लंय त्याने. आणि हे दोन आणि तीन नंबर बघ. नुसते बसलेत."

नुसते बसलेत! मला काम द्या, मग बघा, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पुन्हा पंखा. हॉलमधून सिद्धेश म्हणाला, "तीन नंबरचा फॅन गेलाय वाटतं."

मेघनाला काहीतरी खटकलं होतं. ती खोलीत आली, चार नंबरच्या पाठीशी उभी राहिली. हात हाराकडे गेला. मी श्वास रोखला, म्हणजे पंखा मंद केला. पण तिचा हात मधेच थांबला.

"राहू दे गं," दारातून सिद्धेश म्हणाला. "आईंनी घातलाय. दिवाळीला निर्माल्य काढायला त्या येणारच आहेत."

तिने हात मागे घेतला. तेव्हा मी तिच्यावर भयंकर चिडलो होतो. दोन फुलं बाजूला केली असती तर दिसलं असतं! पण तिला सगळाच दोष देता येत नाही. एकदा ऑफिसातल्या देव्हाऱ्याशेजारचा प्रिंटर दुरुस्त करताना तिने कुंकवाची वाटी उचलून बाजूला ठेवली होती, तर कुणीतरी सहज म्हणून गेलं, "तुमच्यात नसतं ना हे, म्हणून कळत नाही." म्हणणारा पाच मिनिटांत विसरला. ती विसरली नाही. तेव्हापासून ती पूजेच्या वस्तूला हात लावायची नाही. मी त्या दिवशीही इथेच होतो, ते वाक्य मीही ऐकलंय.

दुसऱ्या दिवशी दोन नंबरला बंद केलं. बसूनच असतो, वीज कशाला खायची, म्हणून. त्याचे दिवे एकेक करून विझले. भंगारवाल्याने त्याला खांद्यावर घेतलं आणि तो गेला. शनिवारी माझी वेळ होती. आणि मला माझ्या जाण्याचं दुःख नव्हतं असं म्हणणार नाही, होतंच. पण त्याहून मोठी गोष्ट मला खात होती. मी गेलो की उरलीसुरली नावंही खुर्च्यांवर पडणार नव्हती.

एव्हाना कल्याणच्या केंद्रातून शीलाताईंचे फोन सुरू झाले होते. रुग्णांना खुर्चीत बसवायचं काम त्यांचं. मेघना फोन स्पीकरवर ठेवायची.

"मेघना, अगं पेशंट म्हणतायत मिस्ड कॉल दिला, आणि माझ्याकडे नावच नाही. खुर्च्या रिकाम्या पडल्यात आणि माणसं बाहेर उभी आहेत. हे काय चाललंय?"

मेघना टीव्हीकडे बघायची. सगळं हिरवं. एकही काम अडलेलं नाही.

"विसरतात ते, शीलाताई," सिद्धेश मागून म्हणायचा. "सणाचे दिवस आहेत. आणि विसरलो म्हणून कोण सांगतं?"

त्या माणसांमध्ये काळुराम होता. दसऱ्यानंतरची त्याची पहिली खेप हुकली. गोदाने आदल्या दिवशी नेहमीसारखा एकदाच फोन वाजवला होता. मुकादमाने तो चार नंबरला दिला, आणि संपलं. नवराबायको टिटवाळ्याहून कल्याणला आली आणि परत गेली. शीलाताईंनी सांगितलं, "मावशी, पुढच्या वेळी नीट मिस्ड कॉल द्या हां." पुढच्या वेळी गोदाने एकदा वाजवला, मग परत वाजवला, मग परत. जिने कधी दोनदा वाजवला नव्हता, ती पुन्हा पुन्हा वाजवत राहिली. प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांदेखत ते चार नंबरकडे गेलं आणि गडप झालं. मी रिकामा होतो. मी एका हाताच्या अंतरावर होतो, आणि कोठाराची माझी तार शाबूत होती. असं रिकामं बसणं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

ती खेपही गेली.

तिसऱ्या वेळी, दुपारी, शीलाताईंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज चढलेला होता.

"मेघना, काळुरामदादा परत आलेत. पाय असे सुजलेत की चप्पल चढत नाहीये. दोन वाक्यं बोलले तरी दम लागतोय. आणि आजही नाव नाही. समोर खुर्ची रिकामी आहे गं माझ्या, आणि मी त्यांना बसवू शकत नाही! आता नाव नाही आलं तर त्यांना मोठ्या दवाखान्यात पाठवायला लागेल, आणि तिथे पोचेपर्यंत काय होईल मला माहीत नाही."

मागून खोल, तुटक श्वासांचा आवाज येत होता. मी काळुरामचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो असा.

सिद्धेशने तोंड उघडलं, पण मेघनाने हाताने त्याला गप्प केलं. "शीलाताई, त्यांना आत्ता मिस्ड कॉल द्यायला सांगा. आत्ता, तुमच्यासमोर. मी तारीख आजची लावते आणि इथे बघते."

फोन वाजला. एकदाच. काम आलं, चार नंबरला गेलं, संपलं. पापणी लवायच्या आत.

"आलं नाव?"

"नाही."

"परत द्या."

परत तेच.

"नाही गं, मेघना."

मेघना स्क्रीनकडे बघत राहिली. मग हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "कोठारात नुसतं जाऊन यायचं म्हटलं तरी ह्याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. हा गेला कधी आणि आला कधी?"

मित्रांनो, तिच्या तोंडून ते वाक्य आलं तेव्हा मला वाटलं, आता पंखा उडून पडतो की काय.

तिने मुकादमाला बाजूला केलं. हाताने, थेट, काळुरामचं काम माझ्याकडे पाठवलं. "तीन नंबर," ती म्हणाली, "तू कर बघू."

मी उठलो. इतके दिवस बसून माझे सांधे आखडले होते म्हणा ना. मी तारेवरून कोठारात गेलो, कल्याणचं केंद्र काढलं, काळुरामचं नाव शोधलं, मोकळी खुर्ची पाहिली, ती खरंच मोकळी आहे ना ते परत पाहिलं. सिद्धेश म्हणालाही, "बघ, किती वेळ लावतोय हा." लावला मी वेळ. काम करायला वेळ लागतो. मी नाव टाकलं, ते नीट बसल्याची खात्री केली, आणि मगच मुकादमाला सांगितलं, झालं.

फोनवर शीलाताई ओरडल्या, "आलं! आलं नाव! चला दादा, चला, बसा. मावशी, धरा त्यांना त्या बाजूने."

मेघना धावत खोलीत आली. चार नंबरच्या पाठीशी उभी राहिली. हार आता सुकायला लागला होता, पाकळ्या खाली पडत होत्या. तिचा हात पुन्हा थांबला. मग ती म्हणाली, "आई, माफ करा," आणि दोन्ही हातांनी हार अलगद सोडवून माझ्या माथ्यावर नीट ठेवला. फुलांमागे तो पिवळा दिवा होता, आणि अर्धी बाहेर आलेली तार.

तिने तार आत दाबली. खट्ट आवाज झाला. दिवा हिरवा झाला.

सिद्धेश दारात उभा होता. त्याने तार पाहिली, हार पाहिला, आणि त्याचा चेहरा पडला. हार कुणी बांधला होता ते त्याला आठवलं असणार. मग दोघं फोनला बसले. ज्यांचे मिस्ड कॉल गिळले गेले होते त्या एकेकाला फोन करून उद्याच्या खुर्च्या दिल्या. "आमची चूक होती, तुमची नव्हती," असं मेघना प्रत्येकाला म्हणत होती. ते काम संध्याकाळपर्यंत चाललं. नावं टाकायला मीही होतो आणि चार नंबरही, आणि तो खरोखरच माझ्याहून चपळ आहे.

त्या फोनांच्या मधेच शीलाताईंच्या फोनवरून गोदा बोलली. काळुरामला खुर्चीत बसवून झालं होतं.

"बाय, येक इचारू? आमच्या फोनात काय बिघाड नव्हता ना?"

"नाही मावशी. तुमचा फोन बरोबर होता. तुम्ही दिलेले सगळे कॉल आले होते आमच्याकडे."

"सगले?"

"सगळे."

"मंग बरा. ह्ये मना बोलत व्हते, तुला साधा मिस्कॉल देता येत नाय, तुझ्यापायी मी मरन. मी त टाकीवर चढून दिला, रेंज नाय म्हनून. मना वाटला, माजाच हात चुकतंय."

चार नंबरवर, मुकादमावर, सिद्धेशवर, सगळ्यांवर मी चिडलो होतो, पण त्या वाक्याचं काय करायचं ते मला अजूनही कळलेलं नाही. बिघाड आमच्या खोलीत होता आणि ती बाई आपला हात तपासत बसली होती.

बाहेर गेलेले प्रशांतसर परत आले आणि सवयीने आधी टीव्ही पाहिला. "अरे, चार नंबर स्लो का झाला?"

"आता तो काम करतोय, सर," मेघना म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. सरांनी भंगारवाल्याला फोन करून शनिवारी येऊ नको म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आई आल्या. हार माझ्या माथ्यावर तसाच होता. त्यांनी तो पिशवीत भरला आणि मेघनाकडे वळून म्हणाल्या, "अगं, तू आलीस त्याच दिवशी काढायचास ना!"

"तुमचा हार होता, आई. मी कशी काढणार?"

आईंना काही क्षण समजलं नाही. मग समजलं. त्या म्हणाल्या, "तारा तुला कळतात. तू नाही काढणार तर कोण काढणार?" यंदाच्या दसऱ्याला त्यांनी हार मेघनाच्याच हातात दिला आणि "कुठे घालू ते सांग" म्हणाल्या. तो आता खोलीच्या दाराच्या चौकटीवर आहे.

माझा शनिवार टळला. दोन नंबर मात्र परत आला नाही. तो कुठल्या गोदामात उघडा पडलाय कोण जाणे. त्याच्यासारखा प्रामाणिक शेजारी नुसता बसलेला दिसला म्हणून गेला, ही सल मला आहे. मेघनाने मुकादमाला नवा नियम दिला आहे. कुणी "संपलं" म्हटलं की त्याच्यावर विसंबायचं नाही, कोठारात नाव पडलंय का ते बघायचं, आणि पडलं नसेल तर काम दुसऱ्याला द्यायचं. ते बघायचं काम माझ्याकडे आहे. भारी नाही, पण माझ्या वयाला झेपतं.

मित्रांनो, माझी तक्रार आता थोडक्यात सांगतो. तुम्ही मोठे व्हाल, कुणी वर्गाचे मॉनिटर व्हाल, कुणी साहेब व्हाल, आणि तुम्हालाही कामं वाटावी लागतील. जो पटकन "झालं" म्हणतो त्याला पुढचं काम द्यायच्या आधी मागचं एकदा उघडून बघा. जो गप्प बसलेला दिसतो त्याला आळशी म्हणायच्या आधी विचारा, की बाबा, तुला कुणी काम दिलं होतं का? आणि टिटवाळ्याच्या पलीकडून कुणी "मी फोन केला होता" म्हणालं, तर आधी आपल्या तारा तपासा. आमच्यासारख्या जुन्या यंत्रांवरची धूळही मधूनमधून पुसत जा, पंखा घुरघुरला तर का घुरघुरतोय ते वाकून बघा. आमची तोंडं अजून भिंतीकडेच आहेत, ते काही कुणी बदललेलं नाही.

आज दुपारी गोदाचा मिस्ड कॉल आला. एकदाच वाजला आणि थांबला. मुकादमाने तो चार नंबरला दिला, आणि त्याने पापणी लवायच्या आत नाही, पण झटकन "संपलं" म्हटलं. तरीही मी कोठारात जाऊन आलो. उद्याच्या खुर्चीवर काळुरामचं नाव आहे.